पुस्तकात नसलेल्या मुलीच्या हळदीला

पुस्तक साडेतीनशेचं, सवलतीत दोनशे ऐंशीला मिळालं. ते वाचलं म्हणून बाईंना फोन केला, फोन केला म्हणून गाडी काढावी लागली, आणि गाडी काढली म्हणून मे महिन्यातला, ऐन लग्नसराईतला रविवार गेला. माझा धंदा मांडव-डेकोरेशनचा. तेव्हा ते पुस्तक मला केवढ्याला पडलं, हे मांडववाल्यालाच कळेल.

बाई म्हणजे कुंदाताई. नाव बदललंय, गावाचं नाव तर सांगणारच नाही. एके काळी त्या जत्रेतल्या नाटकांत असायच्या, मग दोन-तीन मालिकांत दिसल्या. शहापूर-मुरबाडकडे त्यांचे प्रयोग असले की मांडव माझा असायचा, तेव्हाची ओळख. पुढे नाटकाच्या दौऱ्यावर न्यूझीलंडला गेल्या आणि तिथेच राहिल्या. ऑफिसं झाडली, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, आता तिथल्या पोरांना अभिनय शिकवतात. हे सगळं त्यांच्या आत्मचरित्रात आहे आणि झकास लिहिलंय. एक गोष्ट नाही. त्यांची मुलगी स्वाती. नवरा दारूत बुडालेला, हातात काम नाही, म्हणून दोन वर्षांच्या पोरीला मुरबाडच्या बाजूला धाकट्या बहिणीकडे, बेबीकडे ठेवून त्या गेल्या. आता त्याच स्वातीचं लग्न ठरलं होतं आणि बाई हळदीला आल्या होत्या.

"आप्पा, एकटीनं जायचं धाडस होत नाही," त्या फोनवर म्हणाल्या. "तुम्ही चला."

सकाळी त्यांना आसनगाव स्टेशनवरून घेतलं. जाणाऱ्यांसाठी सांगतो: शहापूरहून सापगावचा पूल ओलांडून किन्हवली, तिथून सरळगाव. रस्ता बरा आहे, फक्त वळणावर समोरून येणारा वाळूचा डंपर आपल्याला पाहत नाही असं धरून चालायचं. मे महिन्यात या बाजूला हिरवं काही शोधू नये. भाताच्या रोपांसाठी राब भाजलेला, त्याचे काळे चौकोन दोन्हीकडे. एवढी धरणं उशाशी असून गावात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावलेले. बाई काच खाली करून बघत होत्या.

"तिकडे मी या काळ्या शेतांवर एक अख्खं पान लिहिलं," त्या म्हणाल्या.

"वाचलं. पान छान आहे. स्वाती कुठल्या पानावर आहे?"

मी असा सरळच विचारतो, त्याने माझी काही गिऱ्हाइकं गेलीत. बाई रागावल्या नाहीत.

"तिच्यासाठीच गाळलं, आप्पा. उद्या स्थळ बघताना कुणी म्हणायला नको की आई टाकून गेली. पण पुस्तकात एक वाक्य खोटं नाही. गाळलं असेल. खोटं एक नाही. तिकडे मला लोक त्याच्यासाठीच मानतात."

किन्हवलीला मिसळ खाल्ली, सत्तर रुपये प्लेट, तर्री मागून घ्यावी. बाईंनी पाव कुस्करला आणि ठेवून दिला. पुढे रस्त्यावर एक म्हातारी पळसाच्या पानात करवंदं विकत होती, वीस रुपयांना द्रोण. ती मात्र त्यांनी मांडीवर घेऊन एकेक करून खाल्ली. सरळगाव यायच्या आधी म्हणाल्या, "मला दुसरं काही नको. तिला घेऊन जायला आले नाही. फक्त एकदा, आई म्हणून, पहिली हळद लावायची. बास."

आमच्या भागात हळदीला अजून धवलारीण बोलावतात. ती लग्नाची गाणी म्हणते, त्यांना धवले म्हणतात, आणि गाण्यातच नात्याच्या बायकांची नावं घेते. नाव आलं की ती बाई उठते, नवरीला हळद लावते. पहिलं नाव आईचं. नाव आल्याशिवाय कुणी हात पुढे करत नाही. भटजीचं एक वेळ कुणी ऐकणार नाही, धवलारणीचं ऐकतात.

मांडव दुसऱ्या कुणाचा होता. खांब वाकडे होते, ते राहू दे. बेबीताई धावत आली, बहिणीच्या गळ्यात पडली, पिशव्या आत नेल्या. स्वाती ओट्यावर मेंदीचे हात सुकवत बसलेली. ती उठली, वाकली आणि म्हणाली, "या मावशी. उन्हाचा त्रास नाय ना झाला?"

मावशीच म्हणत आली होती ती, लहानपणापासून, फोनवर. त्यात मुद्दाम टोचणारं काही नव्हतं. तेच वाईट होतं.

मी खुर्ची घेऊन बायकांच्या घोळक्यामागे बसलो. तिथे सगळं ऐकू येतं.

"शिरेलमधली ती हीच काय गो?"

"हीच. म्हातारी झाली."

"फारिनला पन म्हातारे होतात?"

"होतात. पन उशिरा."

"पोरीला काय आणलंन?"

"पुस्तक म्हनं. सोताचंच."

ऊन उतरलं तशी स्वातीला पाटावर बसवली. एका बाजूला बेबीताई, दुसऱ्या बाजूला कुंदाताई, ठेवणीतली पैठणी नेसून. हळदीची वाटी मध्ये. धवलारीण काळीसावळी, बारकी म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिने देवाची नावं गायली, गावदेवीचं घेतलं, आणि थांबली.

"आयेचा नाव कोनता घेऊ गो, पोरी? दोघी बसल्यात."

गावाला सगळं ठाऊक होतं, फक्त मोठ्याने कुणी विचारलं नव्हतं. कुंदाताईंची बोटं वाटीकडे गेलीच होती.

बेबीताई हातातल्या बांगड्यांकडे बघत म्हणाली, "ताईचा घे. लांबशी आली हाय ती."

"आये, तू गप," स्वाती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग म्हातारीला म्हणाली, "बेबी म्हन."

म्हातारीने बेबी म्हटलं. बेबीताईने रडत रडत हळद लावली, गालांना लावायची ती केसांना पण लागली. मग काकी, मग आत्या, मग दोन माम्या. मग गाण्यात "मावशी कुंदाबाय" आली. बाई उठल्या, दोन बोटं हळद घेतली, लावली, जागेवर येऊन बसल्या. नटी त्या. चेहरा हलला नाही.

जेवण चांगलं होतं. मटण, भात, आणि न खाणाऱ्यांना वालाची भाजी. बाई मांडवाच्या कडेला ताट घेऊन बसल्या होत्या, मी शेजारी. स्वाती पिवळीधमक, तशीच त्यांच्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"पुस्तक आधीच मागवून वाचलं मी, मावशी. दोनदा."

"आवडलं?"

"पयल्यांदा वाचलं ते वाचायला. दुसऱ्यांदा मला शोधायला." ती हळदीचे हात गुडघ्यावर ठेवून बोलत होती. "तुमच्या घरमालकिणीच्या मांजराचं नाव हाय त्याच्यात. माझं नाय."

"तुझ्याच भल्यासाठी..."

"असंल. राग नाय माझा. पन ज्या बाईनं माझं नाव लिवलं नाय, तिचं नाव मी कसं घ्यायला सांगू?" मग उठताना म्हणाली, "भात वाढायला सांगते. जेवून जावा."

भात आला. बाईंनी तो कालवला आणि तसाच ठेवला.

परतताना अंधार पडला होता. किन्हवली गेली, लेनाड गेलं. सापगावच्या पुलावर बाई एकदम म्हणाल्या, "आप्पा, मांजराचं नाव मी कशाला लिहिलं असेल?"

"मांजर वाचणार नव्हतं," मी म्हणालो.

बोललो आणि वाटलं, गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. स्टेशनवर त्या उतरल्या, हात जोडले, लग्नाला थांबल्या नाहीत. चार दिवसांनी विमानाने गेल्या.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कशी होती हळद? मी म्हणालो, खांब वाकडे होते. माझ्याबरोबर जे घरी आलं ते बेबीताईचं "ताईचा घे." पोरीला पंचवीस वर्षं वाढवून पहिलं नाव असं सहज सोडून देणारी बाई मी एवढ्या लग्नांत पाहिली नव्हती, आणि पाटावर बसून ते सोडू न देणारी नवरीही पाहिली नव्हती.

दिवाळीला पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. तीही घेतली. एक अध्याय वाढलाय, हळदीचा. स्वातीचं नाव आहे, पहिल्याच ओळीत. काळी शेतं आहेत, पळसाच्या पानातली करवंदं आहेत, 'माझे जुने मांडववाले स्नेही' म्हणून मीही आहे. शेवटच्या परिच्छेदात धवलारीण गाऊ लागते, आणि आई म्हणून पहिलं नाव घेते ते कुंदाचं.

मी त्या मांडवात होतो. म्हातारीने बेबी म्हटलं होतं.