निगेटिव्हचा कागद

हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर थोड्याच वर्षांनी मी तिथल्या एका सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून लागले. काम मुख्यतः थुंकी तपासण्याचं. खोकला असलेल्या माणसाची तीन वेळा थुंकी घ्यायची, काचपट्टीवर पसरायची, लाल रंग ओतून खालून गरम करायची, आम्लानं धुवायची, मग निळा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यात लाल काड्या दिसल्या की क्षयरोग. नाही दिसल्या की निगेटिव्ह. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी होती, आणि थुंकीत जंतू भरमसाट असल्याशिवाय ती दाखवतच नव्हती. प्रशिक्षणात हे आम्हाला एका वाक्यात सांगून पुढं गेले होते. पेशंटला तर कुणी अर्ध्या वाक्यातही सांगत नव्हतं.

साखरा गावची ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा सोयाबीन सोंगायचे दिवस होते. पंचविशीची असेल. सोबत सासू. गळ्याची हाडं वर आलेली, पोलका अंगावर लोंबत होता. सासूच बोलत होती.

"म्याडम, हिला काय झालंय ते एकदाचं सांगा. दिवाळीच्या तोंडावर घरात कामाचा ढीग पडलाय अन् ही बसून राहून राहिली."

मी डबी दिली. दवाखान्याच्या मागं जाऊन खोल खोकून बेडका आणा, म्हणून सांगितलं. मागं पिंपळाखाली नेहमीच चार-पाच पुरुष बसलेले असत. ती गेली आणि लगेच परत आली. डबीत नुसती लाळ. मला कळलं होतं ते. बाईमाणूस पुरुषांसमोर मोठ्यानं खाकरून थुंकणार कशी? तरी रांग मोठी होती म्हणून मी तीच लाळ काचपट्टीवर घेतली. दुसऱ्या दिवशीची डबी बरी होती, तिसरीही बरी होती. तिन्हींत काही दिसलं नाही. मी कागदावर निगेटिव्ह लिहिलं आणि खाली सही केली.

डॉक्टरांनी दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. एक्स-रेसाठी हिंगोलीला जा म्हणाले. सासूबाईंनी मला विचारलं, "म्हणजे टीबी न्हाई ना?"

"थुंकीत दिसला नाही, मावशी."

"न्हाई म्हणजे न्हाई." तिनं कागदाची घडी घातली आणि कनवटीला खोचली. एक्स-रेला त्या कधी गेल्याच नाहीत. जायचं काहून? कागदावर सरकारी माणसाची सही होती.

महिन्याभरानं ती एकटी आली. म्हणाली, "पुन्हा तपासा. सांजच्याला अंग तापतंय. घरात म्हणतात, कागदात काही न्हाई निघालं, तू सोंग करून राहिली." मी या वेळी पुरुषांना तिथून उठवलं आणि तिच्याजवळ उभी राहिले. चांगला बेडका आला. डोळे दुखेपर्यंत बघितलं. पुन्हा काही नाही. दुसरा कागद तिच्या हातात द्यायला मला धीर होईना, पण दिला.

त्याच सुमारास मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेची गाडी आमच्या दवाखान्यात यायला लागली. रक्ताच्या थेंबावर टीबी ओळखायची नवी चाचणी त्यांना पारखून बघायची होती. खोकणाऱ्या माणसांचं रक्त आणि थुंकी ते बर्फाच्या पेटीतून घेऊन जात. थुंकीतले जंतू त्यांच्याकडे वाढवून बघणार, आणि नवी चाचणी बरोबर सांगते का ते त्याच्याशी ताडणार. जंतू वाढवायची ती जुनीच, खात्रीची तपासणी होती. दीड-दोन महिने लागत, पण माझ्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारंही तिला सापडे. मला फार आनंद झाला. मी त्या बाईला बोलावून घेतलं, संमतीचा कागद वाचून दाखवला, तिचा अंगठा घेतला. आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "निकाल आला की मी तुला कळवते."

संक्रांत झाली. शिवरात्र झाली. काही आलं नाही. मी एसटीडी बूथवरून संस्थेत फोन लावला. तिकडच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "निकाल झाकून ठेवलेत, मॅडम. अभ्यास पूर्ण होईपर्यंत कुणालाही देता येत नाहीत. नवी चाचणी अजून सिद्ध झालेली नाही."

"नवीचं राहू द्या हो. जंतू वाढले की नाही, ते तर सांगता येईल ना? ती तपासणी तर सिद्धच आहे."

"आमच्या आराखड्यात तशी तरतूद नाही."

बूथवाल्यासमोर मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पाडव्यानंतर रजा टाकली आणि बसनं त्यांच्या शहरात गेले. साहेब भेटले नाहीत. एक तरुण संशोधक मुलगी होती. तिनं आधी नियम सांगितले, मग माझ्या तोंडाकडं बघितलं, उठून दार लावून घेतलं आणि रजिस्टर काढलं. साखऱ्याच्या बाईच्या नंबरापुढं लिहिलं होतं, 'वाढ आहे'. तारीख संक्रांतीच्या आसपासची. तीन महिने ते तिथं पडून होतं, स्वच्छ अक्षरात. आमच्या दवाखान्याचे आणखी दोन नंबर तसेच निघाले. मी तिन्ही लिहून घेतले. परतीच्या बसमध्ये तो कागद मी चारदा उघडून बघितला.

साखऱ्याला गेले तर सासू अंगणात तूर पाखडत होती. "तिला मायेरी धाडली. काम होईना, नुसती पडून राहायची. अन् टीबी न्हाई म्हणून तुमीच तर लिव्हलंय." ती आत जाऊन दोन्ही कागद घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले.

"ते मला द्या. ते चुकीचे आहेत."

"सरकारी कागद हाय, म्याडम. आमी न्हाई देत."

माहेर शिरड शहापूरला. ती बाजेवर होती, उठून बसायला तिला आईचा हात लागला. पायाशी तिची चार वर्षांची लेक, तिच्या मानेवर सुपारीएवढी गाठ, टीबीचीच वाटावी अशी. मी निकाल सांगितला.

"तुमी तर न्हाई म्हणाल्या व्हत्या."

"मशीनला दिसलं नाही गं."

"मला कळत व्हतं की. मला इचारलं का कुणी?"

दुसऱ्याच दिवशी मी त्या मायलेकींना आमच्या दवाखान्यात बोलावून घेतलं.

आमच्या डॉक्टरांनी मी शहरातून लिहून आणलेला, शिक्का नसलेला कागद वाचला आणि दुसरा प्रश्न न विचारता दोघींनाही औषध सुरू केलं. एवढं एक बरं झालं. त्या बाईनं सगळा कोर्स पुरा केला आणि ती जगली. लेकीची गाठही बसली. पण बाईचं एक फुप्फुस आकसलं ते आकसलंच. पुढं कितीतरी वर्षं ती मला बाजारात भेटायची तेव्हा चार पावलं चालून थांबायची, हसायची, आणि दम परत आला की बोलायची. साखऱ्याला ती परत गेली नाही.

अभ्यास संपल्यावर संस्थेच्या लोकांनी हिंगोलीत बैठक घेतली. पडद्यावर आलेख दाखवले. नवी चाचणी भरवशाची निघाली नाही, म्हणाले. त्याचा मला राग नाही. शोधणारा चुकणारच, आणि शोधायलाच पाहिजे. माझ्या सूक्ष्मदर्शकावर पुढची शंभर वर्षं काढायची नसतील तर दुसरं करणार काय? पण प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभी राहिले आणि विचारलं, "ज्यांचे जंतू तुमच्याकडं वाढले, त्यांना कुणी कळवलं का?"

साहेब म्हणाले, "तो या अभ्यासाचा विषय नव्हता."

माझ्या शेजारचे वरिष्ठ माझा पदर ओढायचे तेवढे राहिले. पुढच्या आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस आली, परवानगीशिवाय संस्थेत गेल्याबद्दल. मी दोन ओळींत उत्तर दिलं: गेले होते. पुन्हा जाईन.

उरलेल्या दोन नंबरांपैकी एक म्हातारे सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरायचे. ते सापडले, औषधं घेऊन बरे झाले. दुसरा माणूस मजुरीला कुठंतरी बाहेर गेला होता. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, लई खोकायचा. मी तीनदा गेले, सरपंचाकडं निरोप ठेवला, गावात येणाऱ्या जीपवाल्यांना सांगितलं. तो आला नाही, त्याची बातमीही आली नाही. त्याचा नंबर मला अजून पाठ आहे. नाव मात्र आठवत नाही, आणि याचाही मला राग येतो.