सातव्या अंकाचा कावळा

सोमवार, ९ डिसेंबर. सकाळपासून आभाळ कोंदलेलं. वारा अजिबात नाही. खाडीवर धूर कुठला आणि धुकं कुठलं, कळत नव्हतं.

वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलंय. पुढचं लिहायला हात धजावला नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगतो, पण आधी चहा संपवा. नंतर घशाखाली उतरायचा नाही.

मला नाद जुन्या मासिकांचा. तीही कसली? भुतांच्या आणि राक्षसांच्या सिनेमांची! परदेशातली रद्दी कंटेनर भरभरून राहनाळच्या गोदामांत येते. तिथे गठ्ठे फुटले की शंभरात एखादा असा अंक निघतो. पिवळा पडलेला, कडा उंदरांनी खाल्लेल्या, आणि मुखपृष्ठावर कोणीतरी कोणाचा तरी गळा धरलेला. तो मी घरी आणतो, ब्रशने झाडतो, आत माझा शिक्का मारतो, कडुनिंबाच्या पाल्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. वहीत नोंद. कोणाला वाचायला दिला, नोंद. परत आला, नोंद. गेली बावीस वर्षं यात खाडा नाही.

या नादात मला एकच साथीदार होता, हरी पाटील. खाडीकाठच्या कशेळीचा. त्याच्याच जागेत रद्दीवाल्या चाचांचं गोदाम. हरीला इंग्रजीचं अक्षर यायचं नाही. मी शब्दकोश उशाला घेऊन शिकलो, तेवढ्यावर त्याला वाचून दाखवायचो. रविवारी दुपारी गोदामाच्या पायरीवर बसून दोन पन्नाशीची माणसं रक्तपिपासू माणसांच्या गोष्टी वाचतायत, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

एका मासिकाच्या पहिल्या वर्षाचे बारा अंक मी जमवले होते. त्यातला सातवा हरीचा जीव की प्राण. मुखपृष्ठावर दलदलीतून वर येणारं भूत, डोक्यावर शेवाळ, हातात बाईचा एकच बूट. हरी त्याला 'आपला शेवाळ्या' म्हणायचा. अडीच वर्षांपूर्वी तो अंक त्याने मागून नेला. वहीत नोंद आहे. परत आल्याची नोंद नाही.

मी मागितला. तो म्हणाला, "आरं, दिला ना तुला!"

"कधी?"

"घरी येऊन दिला. तू झोपलेला व्हतास."

"हरी, वहीत नाही."

"मंग तुझ्या वहीला विचार! मी खोटा हाय?"

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? घर शोधलं असतं. मी वही उघडून त्याच्या नाकासमोर धरली. तो उठून गेला. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. बायकोने विचारलं तर म्हणालो, "आमचं आमचं आहे." भुताच्या मासिकावरून भांडलो हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि नोव्हेंबर संपता संपता हरी गेला. चार दिवसांचा ताप, बस.

तर तो सोमवार म्हणजे हरीचा दहावा. खाडीकाठी पिंड ठेवलेला, पानावर भात आणि उडदाचे वडे. चाळीसेक माणसं हात बांधून उभी. कावळे समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर रांगेत बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ!

हरीचा मुलगा नीलेश हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभालीन." कावळा नाही. हरीचा भाऊ म्हणाला, "वाटनीचं भांडन न्हाय करनार." कावळा नाही. बहीण म्हणाली, "दादा, मी मांडव घालून पोरीचं लगीन करीन, तुझ्या मनासारखं." एक कावळा मान वाकडी करून तिच्याकडे बघून परत सरळ झाला.

अर्धा तास गेला. एक म्हातारा पुटपुटला, "कायतरी अडकलंय त्याचं. कावला का येत न्हाय? कुनाचं काय ऱ्हायलंय का?"

आमच्या घरात हे विधी नाहीत. आम्ही बुद्धवंदना घेतो, कावळ्याला काही विचारत नाही. मी तिथे गप्प उभं राहायला गेलो होतो. पण माझं तोंड! मी पुढे झालो आणि म्हणालो, "माझा एक अंक त्याच्याकडे राहिलाय."

"कसला अंक?"

"भुताचा."

सगळी खाडी माझ्याकडे बघायला लागली. गुरुजींनीसुद्धा पळी खाली ठेवली.

"मासिक हो, मासिक! त्याने नेलं, परत दिलं नाही. माझ्याकडे नोंद आहे."

नीलेशचा चेहरा उतरला. त्याने पिंडासमोर वाकून सांगितलं, "बाबा, काकांचा अंक आम्ही घर पालथं घालून शोधू आनि परत देऊ." कावळे जागेवर. मग कोणीतरी मला कोपराने ढोसलं, "तुमी माफ करा त्याला. मोठ्यानं म्हना." आणि मी, इतका मोठा माणूस, हात जोडून चाळीस जणांसमोर म्हणालो, "हरी, मी तुला माफ केलं!"

पत्र्यावरचे सगळे कावळे एकदम उडाले. खाडीपलीकडे, ठाण्याच्या दिशेने.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

तेराव्याला गेलो तेव्हा नीलेशने माझ्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. त्याचे डोळे खाली. "सापडला, काका. बाबांच्या कपाटात, कपड्यांच्या खाली. आमाला म्हाईत नव्हतं. माफी असावी." मागे हरीची बायको, मंदावहिनी, पदर तोंडाला लावून उभी.

शेवाळ्याच होता! मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "असू दे, होतं असं माणसाकडून." वर नीलेशच्या पाठीवर थोपटलं.

घरी आलो. बारा अंक टेबलावर ओळीने मांडायचे ठरवले. सातवा मध्ये ठेवला. बायको चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "हे शेवाळाचं भूत आणखी एक कुठून आणलंत?"

"आणखी एक?"

"एक आहे ना आपल्याकडे. हरीभाऊंनी आणून दिलेलं. तुम्ही मलेरियाने पडला होतात. मीच पेटीतल्या एका पिशवीत सरकवलं."

"कुठे?"

तिने एकेक पिशवी चाचपत अकरावा अंक उचलला, पिशवीत बोटं घातली आणि त्याच्या पाठीला चिकटलेला सातवा ओढून काढला. आत माझा शिक्का. कडुनिंबाचा पाला वाळून त्याच्यावर चिकटलेला.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलंत कधी? तुम्ही वहीला विचारलंत."

कापडातला अंक उघडला. माझा शिक्का कुठेही नाही. वहीत माझ्याकडे एकच प्रत. मग हा कुठून आला? चाचांना फोन लावला.

"वो भूतवाली किताब? हाँ, अभी दिवाली के बाद हरीभाऊ ले गया मेरे पास से। साल भर पीछे पड़ा था। हर गाड़ी आई कि चाचा, गठ्ठा खोलो, चाचा, गठ्ठा खोलो। मेरे लड़के उसको देख के भागते थे।"

"पण कशाला?"

"बोला, मेरा दोस्त रूठा है, इसके बगैर मानेगा नहीं। मैंने बोला, तूने तो वापस दिया था ना? बोला, दिया था चाचा, लेकिन उसकी वही में नहीं है।"

मी फोन ठेवला. चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी नीलेशला फोन करून सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. त्याच्या मागे यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येत होता.

तो म्हणाला, "काका, मला कशाला सांगताय? चालीस मानसांसमोर बाबांना माफ केलंत ना? आता त्यांनाच सांगा."

रविवार, १५ डिसेंबर. आभाळ कोंदलेलं, वारा नाही. बायकोकडून उडदाचे दोन वडे करून घेतले. कशेळीला त्याच जागी गेलो. पान मांडलं, वडे ठेवले, शेजारी दोन्ही सातवे अंक. पत्र्यावर कावळे होते, मी मोजले, अकरा. हात जोडले. मोठ्याने म्हणालो, "हरी, अंक माझ्याकडेच होता. तू दिला होतास. तू खोटा नव्हतास. माझी वही खोटी."

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. वाट बघत बसलो.

एक वाजून वीस मिनिटांनी एक वडा कुत्र्याने खाल्ला. दुसरा हुंगला आणि सोडून गेला. कावळा आला नाही. घरी येऊन वहीत नोंद केली, सातवा अंक: प्रती दोन.