ताईचं मन तयार होईपर्यंत

आमची ताई अर्धवट शिवलेला कपडा कुणाच्या हातात देत नसे. नवरी दारात येऊन बसली तरी नाही. "एक हूकच राहिलाय ना, द्या तसाच," असं गिऱ्हाईक काकुळतीला यायचं आणि ताई म्हणायची, "हूक राहिला म्हणजे कपडा राहिला." मी तिची धाकटी बहीण, त्याच दुकानात मागे बसून काजं-बटणं करणारी. तीस वर्षं मी तिच्या हट्टाला नावं ठेवली आणि तीस वर्षं त्याच हट्टावर आमची चूल पेटली. बोलणार कोणत्या तोंडानं?

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. येणाऱ्याची वाट बघायची आणि तो यायच्या आत मन झाडूनपुसून ठेवायचं. बाकीचे लोक घर झाडतात, मनाचं पुढच्या वर्षी बघू म्हणतात. ताई खरंच मन झाडायला बसायची. दुकान उघडण्याआधी अर्धा तास, मशीनवरचं कापडही न काढता, डोळे मिटून. कुणावरचा राग, कुणाचा हेवा, एकेक उसवून काढायची. आणि दर वर्षी एकाच ठिकाणी अडायची, धाकट्या जावेपाशी.

झालं होतं असं. ताईच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सात महिने त्यांचं सगळं या जावेनं केलं. शेवटच्या दुपारी ती बिचारी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगली आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई गेल्या. ताई पोहोचली ती दारातूनच ओरडत, "झोपा काढत होतीस? तुझ्या झोपेनं मारलं त्यांना!" घरभर नातेवाईक होते. त्यानंतर नऊ वर्षं दोघी एकाच चर्चमध्ये येत, पण एक खांबाच्या अलीकडे बसे, एक पलीकडे.

चूक आपली आहे हे ताईला पक्कं ठाऊक होतं. फादरांपाशी तिनं कितीदा तरी कबुली दिली. ते म्हणायचे, "देवानं क्षमा केली हो. आता तिच्याकडे जा." ताई दुकानात येऊन म्हणायची, "जाईन. पण अजून आत कुठेतरी वाटतंच, ती जागी राहिली असती तर? ओठांवर माफी आणि पोटात राग, देवाला चालेल का?"

"देवाचं मला माहीत नाही. जावेला चालेल," मी म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या रविवारनंतरच्या मंगळवारी जाऊ आपण होऊन दुकानात आली. हातात निळा ड्रेस. "जाऊबाई, फार सैल झालाय. आत घेऊन द्याल? नाताळच्या प्रार्थनेला घालायचाय." ती आजारी असल्याचं कानावर होतं, पण खांद्याची हाडं अशी वर आली असतील असं वाटलं नव्हतं. तिच्या घराजवळ दोन शिंपी होते. ते सोडून ती आमच्या दुकानाचे एवढे जिने चढून आली होती. मी उगीच खाली वाकून सांडलेल्या टाचण्या वेचायला लागले.

ताईनं टेप घेतली. कमरेशी ती दोनदा लावून पाहिली, माप खरं वाटेना म्हणून. माप घेताना माणसाभोवती हात टाकावेच लागतात. जाऊ हळूच म्हणाली, "नऊ वर्षांनी जवळ घेतलंत."

ताईचे हात थांबले. मला वाटलं, आता बोलेल. ती वहीकडे वळली, माप लिहिलं आणि म्हणाली, "चौथ्या रविवारी ये. तोवर सगळं तयार ठेवते."

"सगळं?"

"सगळं."

"मग थांबते मी," जाऊ म्हणाली आणि कठड्याला धरून जिना उतरली.

माझ्या नाकावर राग असतोच. "अगं बाई, ती ड्रेससाठी आली होती होय?"

"कळतं मला," ताई म्हणाली. "तीन आठवडे दे. मन पुरतं स्वच्छ करून तिच्यापुढे उभी राहीन. अर्धवट नाही देणार तिला."

ड्रेस चार दिवसांत झाला. मनाचं काम चालूच होतं. अर्ध्या तासाचा तास झाला. एका सकाळी मी तिला पुटपुटताना ऐकलं, "माणूस आहे ती. थकली होती. माणूस आहे." मला बरं वाटलं, गाडी मार्गावर आली म्हणून.

तिसऱ्या रविवारनंतरच्या गुरुवारी जावेचा मुलगा दारात उभा राहिला. "काकू, आई गेली. आज सकाळी." मग म्हणाला, "ड्रेस झाला असेल तर... तोच घालायचाय तिला."

ताईनं ड्रेस काढला, इस्त्री फिरवली, घडी करून त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर ती फरशीवरच बसली.

"काय गं?" मी विचारलं.

"राग शोधतेय. कालपर्यंत होता. आता कुठेच नाही. झालं बघ मन तयार," ती म्हणाली, आणि मग अशी रडली की मला तिला धरून ठेवावं लागलं. एरवी मी "वरातीमागून घोडं" म्हणून मोकळी झाले असते. त्या दिवशी मला माझ्या जिभेची लाज वाटली.

गेल्या आगमनकाळात माझं आणि ताईचं कडाक्याचं भांडण झालं. कारण सांगण्यासारखंही नाही. मी कात्री आपटून घरी निघून आले. तासाभरात दार वाजलं. ताई उभी होती, धापा टाकत, चेहरा रागानं लाल.

"माझं मन साफ नाहीये," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली. "चूक तुझीच आहे असं अजून वाटतंय. तरी आलेय. आत घे."

मी तिला आत घेतलं. चहा तिनं माझ्याकडे पाठ करूनच प्यायला. मग कप खाली ठेवून म्हणाली, "तिच्याकडेही अशीच जाऊ शकले असते गं मी."