सगळा वर्ग डावखुरा

“हाताकडे नाही, समोर बघ.”

हे म्हणताना त्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले असायचे आणि हनुवटी कॉम्प्युटरकडे. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाई. सहा वर्षांत त्यांनी एकाही मुलाच्या हातावर हात ठेवून माउस फिरवलेला मी पाहिला नाही. “मी फिरवला तर मला येईल. मला येतोच आहे की!” असं म्हणायच्या.

तुम्ही म्हणाल, माउस ही काय शिकवायची गोष्ट आहे? आताची पोरं पाळण्यातून मोबाईल चालवतात. अहो, म्हणूनच शिकवावा लागतो. मालाड पूर्वेच्या आमच्या मराठी शाळेत दुसरीचा वर्ग पहिल्यांदा लॅबमध्ये येतो, तेव्हा निम्मी मुलं काचेवर बोट घासत बसतात. बाण वर न्यायचा म्हटलं की माउस उचलून हवेत धरतात. एखादा तो सरकवत सरकवत पार काठापर्यंत नेतो आणि ओरडतो, “बाई, टेबल संपलं!”

“टेबल संपलं म्हणून रस्ता संपला का रे? उचल, मागे घे, परत ठेव.”

मी त्या दुसरीची वर्गशिक्षिका. बुधवारी मुलांना लॅबमध्ये सोडायचं आणि कोपऱ्यात बसून वह्या तपासायच्या, असा माझा बेत असायचा. वह्या तशाच राहायच्या. दोनदा क्लिक करायला शिकवताना त्या बारा टेबलांमधून फिरत म्हणायच्या, “शेजाऱ्यांची कडी वाजवतो ना, तशी. टक-टक. जागेवरून हलायचं नाही.” मग सगळी लॅब टकटकायची. कुणाला पहिल्यांदा जमलं की त्यांच्या तोंडून पटकन मालवणी निघायचं, “बरां झालां!”

त्या वर्षी माझ्या वर्गात सानिका होती. डावखुरी. तिचे वडील एका वकिलांकडे कारकून, अक्षर मोत्यासारखं. त्याच अक्षरात त्यांनी जूनमध्येच डायरीत लिहून दिलं होतं, ‘तिला डाव्या हाताने लिहू देऊ नये. सवय मोडायची आहे.’ मुलांचा हात असा सोडवू नये, हे मी डी.एड.ला शिकलेली. पण पालकांनी लिहून दिलं की आपण सुटलो! दिवसातून दहा वेळा मी म्हणायचे, “सानिका, हात बदल.” ती बदलायची. आज ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

लॅबमध्ये माउस सगळे उजवीकडे. खाली पडून फुटू नयेत म्हणून वायरी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी टेबलाला आवळलेल्या. उजव्या हाताने सानिकाचा बाण भलतीकडेच जायचा आणि शेजारची मुलं हसायची. मग ती बुधवारी गैरहजर राहू लागली. चिठ्ठी यायची, पोटात दुखतंय.

तिसऱ्या बुधवारी बाईंनी मला विचारलं, “हिच्या पोटाला बुधवार बरा कळतो हो?”

मी डायरीतली ओळ दाखवली. “तिचा एकटीचा माउस डावीकडे ठेवला तर?” असंही सुचवलं.

“एकटीचा नको. मग सगळी तिच्याकडेच बघतील.”

पुढच्या बुधवारी मी सानिकाला घरून आणवून घेतलं आणि वर्ग घेऊन लॅबमध्ये गेले, तर बाराच्या बारा माउस डावीकडे. पट्ट्या कापलेल्या. बाई हात मागे बांधून उभ्या.

“हा महिनाभर सगळा वर्ग डावखुरा. उजवा हात मांडीवर.”

काय गोंधळ झाला सांगू! फळं उचलून टोपलीत टाकायचा साधा खेळ, पण आंबा पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन अडकायचा. “बाई, वाट लागली!” “बाई, हा ऐकतच नाही!” माझ्या वर्गातला पहिल्या नंबरचा ओंकार रडकुंडीला आला. मीही एका टेबलाशी बसून पाहिलं. मला एक केळं उचलता येईना.

सानिका मात्र हात बाकाखाली घालून बसली होती. हा काहीतरी सापळा आहे, असं तिला वाटलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेवढंच करायचं माझ्या हातात उरलं होतं. मग तिचा डावा हात हळूच वर आला. पाच मिनिटांत तिची टोपली भरली.

“सानिका, कसं केलंस गं?” ओंकार.

“हाताकडे बघू नकोस ना. समोर बघ.”

चौदा वर्षं शिकवत होते मी. एका मुलीसाठी उरलेल्या पस्तीस जणांना नवशिकं करून टाकायचं, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. मोठ्या बाई चौकशीला आल्या तेव्हा कॉम्प्युटरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “व्यायाम आहे, मॅडम. दोन्ही हात चालले पाहिजेत.” मी कौतुक करायला गेले तर म्हणाल्या, “मी कुठे काय केलं? वायरी इकडच्या तिकडे केल्या.”

पालकसभेला त्यांनी मुलांना आईवडिलांसमोर खेळ करून दाखवायला लावला. सानिकाचे वडील तिच्या मागे उभे होते. ती एकाही मुलाला हार जात नव्हती, दोघांना तर शिकवत होती. ते पुढच्या पालकाला जागा देऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी डायरीत त्याच मोत्यासारख्या अक्षरात ओळ होती, ‘डाव्या हाताने लिहिलं तरी चालेल.’

मार्चअखेर बाईंचं कंत्राट संपलं. कंत्राटी माणसाला आमच्याकडे निरोप समारंभ नसतो. एका सोमवारी त्या आल्या नाहीत, इतकंच.

एप्रिलमध्ये प्रगतिपुस्तकं पालकांच्या सह्या होऊन परत आली. सानिकाच्या पुस्तकात पहिल्या सत्राची सही झोकदार, आणि खाली दुसऱ्या सत्राची वेडीवाकडी, रेघेबाहेर गेलेली. पोरीने स्वतःच सही ठोकली असं वाटून मी वडिलांना बोलावून घेतलं.

त्यांनी सही पाहिली. “माझीच आहे, बाई.”

“तुमची?”

“मीपण डावखुराच. चौथीत असताना आमच्या आईने तापल्या चमच्याचे चटके देऊन हा हात सोडवला. आता रोज सानिकाबरोबर डाव्या हाताने एक ओळ लिहितो. तीच तपासते. सही कॉम्प्युटरच्या बाईंना दाखवायची होती.”

त्या गेल्या, असं मी सांगितलं. कुठे, ते मला माहीत नव्हतं. सहा वर्षांत त्या राहतात कुठे, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

“मग नुसती लॅब बघून जाऊ?” त्यांनी विचारलं.

मी कुलूप काढून दिलं. आत कोणीच नाही, हे त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी दाराशी वाकून आधी चपला काढल्या.