सासऱ्यांची डॉक्टरकी

जपानमध्ये, उरायासुला आमच्या खालच्या मजल्यावर एक इजिप्शियन बाई राहते. माझी मैत्रीण. आमच्या गप्पा मोडक्या जपानीत. मधुमेह असलेल्या आईचं सगळं ती एकटीच बघते. मागच्या वर्षी त्या आजींनी गोळ्या बंद केल्या. फोनवरच्या व्हिडिओत पांढऱ्या कोटातला एकजण अरबीत सांगत होता, दालचिनीचं पाणी प्या, गोळ्या फेका.

"क्लिनिकने दिलेला कागद दाखव ना," मी म्हटलं.

"तो जपानीत. मी वाचून दाखवला, तर म्हणते, तू कुठे डॉक्टर आहेस?"

माझ्या अंगात खोडी संचारली. मुलीच्या शाळेत मुलंच जेवण वाढतात; तेव्हा घालायचा तिचा पांढरा डगला धुवायला घरी आला होता. शिवाय बँकेतून निवृत्त झालेले सासरे नुकतेच पुण्याहून आले होते. आजींनी त्यांना अजून पाहिलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही जरा डॉक्टर व्हा."

"एमबीबीएस की एमडी?" त्यांनी लगेच विचारलं.

डगला जेमतेम छातीवर पसरला. मागून कपड्यांचे चिमटे लावले. मी फोनवर व्हिडिओ सुरू केला. बाबा धीरगंभीर मराठीत म्हणाले, "गोळी रोज घ्या. स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका." कागदावरचंच वाक्य. मैत्रिणीने व्हिडिओखाली तेच अरबीत टाकलं.

आजींनी ते तीनदा पाहिलं आणि जेवणानंतर मुकाट्याने गोळी घेतली. आम्ही जिन्यात बसून पोट धरून हसलो.

पण आजींनी तो व्हिडिओ कैरोतल्या सगळ्या गोतावळ्याला धाडला. प्रश्न यायला लागले. कुणाचे गुडघे, कुणाच्या नवऱ्याचं घोरणं.

"घोरण्यावर मला बोलता येईल," बाबा म्हणाले.

"काही नको!" मी ओरडले.

मैत्रीण हसली नाही. "त्या दालचिनीवाल्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

मग बाबांना घेऊन आम्ही खाली गेलो आणि मैत्रिणीच्या तोंडून सगळं अरबीत कबूल केलं. आजींनी विचारलं, "म्हणजे सांगितलं ते खोटं?"

"नाही. तुमच्या क्लिनिकच्याच कागदावरचं," मी म्हटलं.

"मग गोळी घेते. पण याला जेवायला थांबव. खोटं बोलताना चेहरा हलला नाही याचा!"

गोतावळ्यालाही त्यांनीच खरं कळवलं. मैत्रिणीच्या दोन मावश्या रुसल्या.

पुढच्या तपासणीला मैत्रिणीने फोनवर अरबी दुभाषी मिळवला. आजींनी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, की बिचाऱ्यांची जेवणाची सुट्टी त्यातच संपली.