डाव्या कानातला आवाज

हॉस्पिटलचे मजले चार, कॉम्प्युटर दोनशे चाळीस, आणि ते सांभाळणारा मी एकटा. दुपारपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असतात. अशात टेलिफोनच्या खोलीतल्या ताईंना बोलका कॉम्प्युटर बसवून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी काही आनंदानं उड्या मारल्या नाहीत. म्हटलं, तासाभराचं काम आहे, उरकून टाकू. ते तीन आठवडे पुरलं.

ताईंना जन्मापासून दिसत नाही. वय चोपन्न, नोकरी अठ्ठावीस वर्षांची. बाहेरून कुणीही फोन केला की हॉस्पिटलचा पहिला आवाज त्यांचा. आतले साडेतीनशे नंबर तोंडपाठ. कुठली सिस्टर फोन लगेच उचलते, कुठली वाजू देते, कुठल्या डॉक्टरला जेवताना फोन दिलेला चालत नाही, सगळा हिशोब डोक्यात. दिसायला अगदीच किरकोळ बाई, पण आवाज भारदस्त. 'फोनवर मी पाच फूट आठ इंच आहे,' असं त्या स्वतःच म्हणायच्या.

आता नवी पद्धत आली होती. कोण पेशंट कुठल्या मजल्यावर, कुठल्या खाटेवर, हे विचारणारे फोन पूर्वी ताई वॉर्डात जोडून द्यायच्या. यापुढे ती यादी त्यांच्याच कॉम्प्युटरवर येणार आणि उत्तर तिथूनच द्यायचं. यादी घडीघडीला बदलते, तिथं पाठांतर काय कामाचं? ती कॉम्प्युटरनं ताईंना वाचून दाखवायची. महिनाअखेर अधीक्षक साहेब परीक्षा घेणार होते, अर्ध्या तासात वीस फोन. जमलं तर खुर्ची राहिली. नाही जमलं तर रेकॉर्ड रूम.

रेकॉर्ड रूम म्हणजे काय, ते ताईंना चांगलं ठाऊक होतं. मालिशचा विभाग बंद झाला तेव्हा तिथल्या आंधळ्या दादांना तिकडे बसवलं होतं. पगार चालू, काम काही नाही. 'तीन वर्षं झाली,' ताई म्हणाल्या. 'पंखा बंद पडला की दादा ओरडून सांगतात. तेवढंच त्यांचं काम. आणि पंखा नवा आहे रे, पडत नाही बंद.'

ताई धाकट्या भावाकडे राहतात. भावजय चांगली आहे, म्हणजे फारच चांगली. ताईंनी चहाचं भांडं उचललं की ती ते हातातून काढून घेते, 'राहू द्या, भाजेल तुम्हाला.' सुरी घेतली की सुरी काढून घेते. 'माझ्या हातातलं काढून घेत नाहीत अशी एकच जागा उरलीय,' ताई म्हणाल्या, 'ती तू बसलायस ती.' मी त्यांच्या खुर्चीत बसून वायरी जोडत होतो. उगाचच उठून उभा राहिलो.

पहिल्या दिवशी मी त्यांना सगळ्यात गोड आवाज लावून दिला. नवीन, अगदी माणसासारखा, एका तरुण बाईचा. वेग मुद्दाम कमी ठेवला, म्हटलं, ताईंना नीट समजायला हवं. ताईंनी दोन ओळी ऐकल्या आणि डोक्यावरचा हेडफोन काढला.

'ही बाई फार निवांत आहे रे. हिला म्हणावं, लोक फोनवर ताटकळलेत.'

मी वेग वाढवला. गोड बाई दुपटीवर अडखळायला लागली, तिपटीवर शब्द खायला लागली.

'तो जुना पत्र्यासारखा आवाज असतो ना, तो आहे का?'

'ताई, तो अगदीच भिकार आहे. डब्यात दगड घालून हलवल्यासारखा.'

'असू दे. तो शब्द खात नाही.'

मी तो लावला. ताई म्हणाल्या, वाढव. वाढवला. अजून वाढव. चौपटीवर गेलो तेव्हा मला नुसती गुरगुर ऐकू येत होती, एकही शब्द कळत नव्हता. ताईंनी मात्र मान डोलावली आणि पहिल्या पानावरची सगळी नावं मला धडाधड म्हणून दाखवली. खरं सांगतो, मला माझ्या शहाणपणाची लाजच वाटली.

पुढे रोज काहीतरी निघायचं. आकडे जोडून वाचू नको, चारशे सात नको, चार शून्य सात म्हण. स्वल्पविराम बोलू नको. दर रकान्याला त्याचं नाव सांगू नको, मला माहीत आहे. आवाज फक्त डाव्या कानात, उजवा कान माणसांसाठी. मी तिसऱ्या मजल्यावरचा अडकलेला प्रिंटर सोडून धावत यायचो, एक बदल करायचो, की खालून रक्ततपासणीवाल्यांचा फोन. कधी कधी चिडायचोही. एकदा म्हटलं, 'ताई, एकदाच काय ती यादी करून द्या. माझा जीव मेटाकुटीला आलाय.'

'माझाही,' त्या म्हणाल्या. 'पण वापरल्याशिवाय खुपतं कुठं ते कळत नाही ना. चप्पल घालून चाललास की कळतं, तसं.'

शेवटचा बदल त्यांनी सांगितला तो असा. यादीत आधी नाव येतं, मग वय, वॉर्ड, खाट आणि सगळ्यात शेवटी स्थिती. म्हणजे उपचार चालू, घरी सोडलं, दुसरीकडे हलवलं, किंवा मृत. 'ते शेवटचं पहिलं कर,' ताई म्हणाल्या. 'तोंड उघडायच्या आधी मला ते कळलं पाहिजे. तसं असलं तर मी काही सांगत नाही. जवळ कोण आहे ते विचारते, बसायला सांगते आणि सिस्टरना जोडून देते. ते सांगणं सिस्टरचं काम. पण तोवर माझ्या आवाजात काही येता कामा नये.'

मी करून दिलं. मग सहज विचारलं, 'एवढा वेग कशाला हवा तुम्हाला? परीक्षेला दुप्पट पुरेल.'

'मी भरभर ऐकते ना, म्हणून मला हळू बोलायला वेळ मिळतो,' त्या म्हणाल्या. 'फोन करणाऱ्याला घाई करायची नसते रे. घाबरलेला असतो तो.'

परीक्षेच्या दिवशी साहेब दहा वाजता आले. माणूस वाईट नाही. कागदांखाली दबलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आमच्याइतकाच दमलेला. हातात एक छापील तक्ता. फोन खरेच असणार होते, बाहेरून येतील ते. ताई हेडफोन लावून तयार होत्या, केस नीट विंचरलेले, दोन्ही हात कळफलकावर.

साहेब म्हणाले, 'हे त्यांच्या कानात काय चाललंय ते मला कसं कळणार? स्पीकर लावा.'

मी लावला. खोलीभर गुरगुर सुरू झाली.

'हे काय आहे? बिघडलंय का?'

'नाही साहेब, ताईंना ह्याच वेगानं कळतं.'

'त्यांना कळेल हो, मला तपासायचंय ना. मूळ सेटिंग करा. जे मंजूर झालंय ते. आणि फोनवरचा आवाजही स्पीकरवर येऊ द्या.'

ताई वळल्या. त्यांनी विचारलं, 'साहेब, परीक्षा माझी आहे ना?'

'अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, ताई. नंतर काय हवं ते लावून घ्या.'

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तीन आठवडे मीच सगळं जुळवलं होतं, कशासाठी काय आहे ते त्या खोलीत ताईंखालोखाल मलाच माहीत होतं. पण मला साहेबांशी वाद घालायचा कंटाळा आला होता. चार मजले वाट बघत होते. मूग गिळून गप्प बसलो आणि 'मूळ सेटिंग'वर बोट ठेवलं. तीन आठवडे एका बोटात पुसले गेले.

गोड बाई परत आली. हळू, स्पष्ट, प्रत्येक रकान्याचं नाव घेत. ताईंना प्रत्येक फोनला तिची वाट बघावी लागत होती. पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करत होता. पंधरा मिनिटांत सात फोन झाले. ताईंच्या कपाळावर घाम दिसायला लागला. साहेबांनी घड्याळात पाहिलं, तक्त्यावर काहीतरी लिहिलं. पेनाचा तो बारीक आवाज ताईंना ऐकू आला असणारच.

आठवा फोन एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता.

'आमची मंडळी आहे तिथं. काल संध्याकाळी दाखल केलंय. तिचा चष्मा घरीच राहिला हो, तिला त्याच्याशिवाय काही सुधरत नाही. कुठं आणून देऊ?'

ताईंनी नाव विचारलं, टाईप केलं. गोड बाईनं नाव वाचलं, वय वाचलं. एरवी ताई गप्प राहून सगळं ऐकून घेतात. पण त्या दिवशी वेळ संपत चालला होता. वॉर्ड आणि खाट ऐकल्याबरोबर त्या म्हणाल्या, 'सापडलं, काका. तिसरा मजला, जिन्यावरून डावीकडे.'

'बरं बरं. तिला सांगाल का, येतोय म्हणून?'

आणि गोड बाई खोलीभर घुमेल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, 'स्थिती, मृत. वेळ, दहा वाजून पाच मिनिटे.'

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा वाजून गेले होते. वॉर्डातून घरी अजून फोन गेलेला नव्हता.

मी स्पीकरची वायर उपटली, पण काही उपयोग नव्हता. जे जायचं ते फोनमधून गेलं होतं. मग लक्षात आलं की आता त्या काकांचं काय चाललंय ते आम्हाला ऐकूही येणार नाही. ताईंनी हेडफोन चाचपून नीट बसवला. आम्हाला फक्त ताईच ऐकू येत होत्या.

'मी, काका. मीच बोलले ते.'

पलीकडून काका बोलत असावेत.

'हो. असं सांगत नाहीत कुणाला. चुकलं माझं.'

साहेब काहीतरी बोलायला पुढे झाले. ताईंनी त्यांच्या दिशेनं हात वर केला, आणि अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच कुठल्या साहेबांना असं थांबवलं असेल.

'बोला ना, रागवा. मी ऐकतेय. जवळ कोण आहे तुमच्या? कधी येणार सूनबाई? बरं. खुर्ची आहे का जवळ? बसा आधी. नाही, नाही ठेवत. त्या येईपर्यंत मी आहे इथं.'

पडद्यावर थांबलेल्या फोनांचा आकडा वाढत होता. पाच, नऊ, चौदा. साहेबांनाही तो दिसत होता. ताईंनी मधे एकदाच, तोंडावर हात धरून, मला हळूच सांगितलं, 'तिसऱ्या मजल्यावर जा. सिस्टरना म्हणावं, ह्या घरी फोन करू नका, मी जोडून देते.' मी गेलो. परत आलो तेव्हा ताई त्या काकांना विचारत होत्या की लग्नाला किती वर्षं झाली. सून आल्यावर त्यांनी तिच्याशी बोलून घेतलं, सिस्टरना जोडून दिलं आणि मग थांबलेले फोन एकेक करून घ्यायला लागल्या.

साहेबांच्या तक्त्यावर आकडा सातवरच राहिला होता. व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, 'त्यांचा वेग किती असतो?'

'चौपट.'

'आणि ते स्थिती का काय, ते आधी येतं?'

'आधी येतं साहेब. तुम्ही मूळ सेटिंग सांगितलं,' मी म्हटलं. मग राहवेना, म्हणून पुढचंही म्हटलं, 'आणि मी केलं.'

दुपारी मी सगळं पुन्हा लावून दिलं. डावा कान, चौपट वेग, पत्र्याचा आवाज, स्थिती पहिली. दोन वाजता साहेबांनी स्वतःच्या खोलीत बसून यंत्राचाच हिशोब मागवला. दोन ते अडीच, सव्वीस फोन. तेवढ्या वेळात ताईंच्या खोलीत कुणी शिरलं नाही. चार वाजता शिपाई सही केलेला कागद घेऊन आला आणि मी तो ताईंना वाचून दाखवला. खुर्ची राहिली.

मला वाटलं होतं, त्या खूश होतील. त्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं आणि डब्याची पिशवी शोधायला लागल्या. ती टेबलाखाली सरकली होती. मी उचलून देणार होतो, पण हात आवरला.

'ताई, तुम्ही असं का म्हणालात?' मी विचारलं. 'तुम्ही कुठं बोलला होतात? ते मशीन होतं. आणि चूक माझी होती.'

'तुझी होतीच,' त्या म्हणाल्या. रागानं नाही, दमून. 'पण त्यांना ते काय करायचंय? उरलेलं आयुष्य त्यांना हा फोन आठवणार. बायको गेल्याचं मशीननं सांगितलं, असं कशाला आठवायचं माणसानं? एका वेंधळ्या बाईनं सांगितलं, असू दे. तिच्यावर निदान रागावता येतं.'

पिशवी सापडली. त्यांनी ती खांद्याला लावली, काठी घेतली आणि दारापर्यंत जाऊन थांबल्या.

'त्यांनी चष्मा आणला असेल का रे?'

'काय माहीत, ताई,' मी म्हटलं.

'आणला असेल,' त्या म्हणाल्या, आणि बससाठी खाली गेल्या.