फुलाचा रंग

कोरोनाच्या दिवसांत फेल्डहोवन गावात रोज चालायला जाताना, एक डच आजोबा अंगणातल्या काचघरात भिंग घेऊन बसलेले दिसायचे. एकदा त्यांनी मला बोलावलं. इक्वेडोरच्या डोंगरी जंगलातून आणलेलं, अननसाच्या कुळातलं एक अनोळखी रोप पहिल्यांदाच फुललं होतं. त्यांना त्याचं वर्णन लिहायचं होतं, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन लॉकडाऊनमुळे लांबलेलं.

"फूल दुपारी मिटेल. रंग कोणता दिसतो? तुम्ही सांगाल तोच पुस्तकात जाईल."

मी दारातूनच बराच वेळ पाहिलं. "जांभळा," म्हणाले. त्यांनी लगेच लिहून घेतलं.

घरी पोचेपर्यंत वाटू लागलं, निळा होता. धावत परत गेले. फूल मिटलं होतं.

"काही विसरलात?" त्यांनी विचारलं.

मला निळाही नीट आठवेना. मी "नाही" म्हणाले.